आतोबा आणि जर्मन बुवांचा सोनाटा

पियानो वाजवता येणारी माणसं जगात थोडी, तो कसा वाजवावा हे सांगता येणारी त्याहून थोडी. पण कोणी विचारलेलं नसताना, समोरचा माणूस जेवत असताना, वेणी घालत असताना, तापाने फणफणला असताना आणि मुख्य म्हणजे पियानो मैलभर लांब असताना तो कसा वाजवावा हे सांगणारा माणूस अख्ख्या मावळात एकच होता, आणि तो आमच्या घरात राहत होता. ते माझे आतोबा. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिचे यजमान आमच्या वाट्याला आले. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांना कधी काही बोलले नाहीत. आई बोलायची, पण भिंतीकडे तोंड करून. आणि माझ्या तर ते मानगुटीवरच बसले होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका फिरत्या संगीत नाटक कंपनीत ऑर्गन वाजवण्यात घालवली होती. रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसायचं, पायाने भाता चालवायचा आणि नायकाने भलत्याच पट्टीत तोंड उघडलं तरी त्याला सांभाळून घ्यायचं, हा त्यांचा धंदा. पुढे बोलपट आले, कंपनी बसली, आणि आतोबा एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक आणि जगातल्या यच्चयावत संगीताबद्दलची मतं घेऊन लोणावळ्याला उतरले. वळकटीला आणि ट्रंकेला माजघरात जागा झाली. मतांना घर अपुरं पडायला लागलं.

आता रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या कारकुनाच्या मुलीच्या आयुष्यात पियानो आला कुठून, असं तुम्ही विचाराल. तो आला गावाला लागूनच असलेल्या तुंगार्लीच्या एका बंगल्यातून. तिथे एक म्हाताऱ्या पारशी बाई उन्हाळ्यात आणि दिवाळीत येऊन राहायच्या. मी लहानपणी त्यांच्याकडे सुईत दोरा ओवून द्यायला जायची, कारण त्यांना दिसायचं कमी आणि भरतकामाचा सोस दांडगा. ओवून झालं की मी पियानोपाशी घुटमळायची. एक दिवस त्यांनी मला स्टुलावर बसवलं, आणि तिथून माझं बिनसलं असं आई म्हणायची. नोटेशन वाचायला, बोटं कुठे कशी ठेवायची ते, सगळं बाईंनी शिकवलं. पण बाई पावसाच्या आधी मुंबईला जायच्या, आणि मागे राहायचा तो पियानो, तो लोणावळ्याचा पावसाळा, आणि ते आतोबा.

लोणावळ्याचा पावसाळा ज्यांनी काढला नाही त्यांना ओल म्हणजे काय ते कळायचं नाही. मिठाचं पाणी होतं, चपलांना रात्रीत बुरशी येते, काड्यापेटी कमरेला बांधून ठेवावी लागते. तिथे पियानोच्या लाकडाने काय करावं? पट्ट्या फुगायच्या. एक सूर दाबला की तो खाली जाऊन बसायचा तो वर यायचंच नाव घ्यायचा नाही. आतोबांनी बाईंशी बोलणं लावलं, की पावसाळाभर पियानोची निगा मी राखतो, त्याबदल्यात पोरगी रोज वाजवील. मग बंगल्याचा माळी भिवा, हा मूळचा जवळच्याच नवलाख उंबरे गावचा, त्याच्याकडून रोज कोळशाची शेगडी पेटवून घ्यायची, ती पियानोच्या पोटाखाली जरा अंतरावर ठेवायची, आणि त्या धुरात मी बसायचं. भिवा बिचारा दारातून म्हणायचा, "आबा, धूर लय झालाय. बाजा वाळंल, पन पोरगी गुदमरंल की." आतोबा त्याला सांगायचे की कंपनीत गॅसबत्त्यांच्या धुरात नायिका साडेपाच तास गात असे. मी म्हणायची, "आतोबा, हा मधला सूर आजही अडकलाय." तर म्हणे, "नट आजारी पडला म्हणून कोणी खेळ बंद ठेवतं का? त्याच्यावाचून निभावून ने." असा तो सबंध आषाढ मी एका सुरावाचून निभावून नेला. श्रावणात तो सूर सुटला तर मलाच दचकायला झालं.

हे सगळं हौसेचं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण खंडाळ्याच्या वाटेवर मिशनची एक मुलींची शाळा होती, तिथे पियानो शिकवायला बाई हव्या होत्या. राहायला खोलीसुद्धा मिळणार होती. दसरा झाला की शाळेच्या हॉलमध्ये जाऊन एका सोनाट्याचा, म्हणजे पियानोवरच्या एका लांबलचक रचनेचा, पहिला भाग पाठ वाजवून दाखवायचा, अशी अट होती. अण्णांनी मला शांतपणे समोर बसवून सांगितलं, "नोकरी लागली तर कर, मी आड येणार नाही. नाही लागली तर तळेगावच्या मंडळींना होकार कळवतो." तळेगावच्या मुलात खोड काढण्यासारखं काही नव्हतं. पण त्यांच्याकडून आधीच निरोप आला होता, की आमच्या घरात बाजा चालणार नाही. म्हणजे तो एक भाग नीट झाला तर पियानो जन्मभर, आणि बिघडला तर पुन्हा कधीच नाही. आणि अशा वेळी माझ्या वाट्याला आतोबांचा सल्ला यावा! कपाळ माझं!

तो सोनाटा ज्यांनी रचला त्या जर्मन गृहस्थांना आतोबा "बुवा" म्हणायचे. "बुवांचं म्हणणं काय आहे ते आधी समजून घे," अशी सुरुवात व्हायची, जसे काही बुवा काल मुक्कामाला येऊन गेले. आणि बुवांचं म्हणणं असं होतं, की हे एक नाटक आहे. सुरुवातीची खणखणीत चाल म्हणजे नायक. त्यानंतर पट्टी बदलून जी दुसरी, नाजूक चाल येते ती नायिका. मग मधला मोठा गोंधळाचा पल्ला, जिथे चालीचे तुकडे कुठल्या कुठल्या पट्ट्यांत भटकतात, तो वनवास. आणि शेवटी पहिली चाल मूळ पट्टीत परत येते तो नायकाचा घरी परतण्याचा प्रवेश. एवढ्यावर थांबले असते तर मी त्यांच्या पाया पडले असते, कारण पारशी बाईंनी जे दोन उन्हाळे समजावलं ते ह्या माणसाने एका घोटभर चहात सांगितलं होतं. पण थांबतील तर ते आतोबा कसले! मी नायिकेची चाल वाजवायला घेतली की, "छे छे, ही नायकाची बहीण वाटतेय. बहिणीला बघून कोणी असा उभा राहतो का?" पुन्हा वाजवलं की, "आता त्याची काकू झाली." रडकुंडीला येऊन मी म्हणायची, "अहो, पण सूर तेच आहेत ना!" तर म्हणायचे, "लुगडं तेच असतं गं. नेसणं वेगळं."

आणि ती दाढी! त्या दाढीने माझा जीव नकोसा केला. पहिली चाल शेवटी परत येते ती जवळजवळ जशीच्या तशी येते, सूर न् सूर तोच. आतोबांचं म्हणणं, "तोच नायक, पण वनवासातून आलाय. दाढी वाढलेली आहे. ती दाढी मला ऐकू आली पाहिजे." आता दाढी कशी वाजवायची, सांगा बरं? मी जोरात वाजवलं तर म्हणे, ही चिकटवलेली दाढी आहे. हळू वाजवलं तर म्हणे, हा वाटेत हजामत करून आला. एक अख्खा महिना मी त्या चार ओळींना दाढी फुटण्याची वाट बघत होते. आई जेवायला वाढताना विचारायची, "आली का गं?" मी ताट सरकवून उठायची.

डाव्या हाताचा धडा त्यांनी मला स्टेशनवर नेऊन दिला. घाट चढून येणाऱ्या गाडीला मागून आणखी इंजिन लावतात आणि वर आल्यावर ते सोडतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आतोबांनी मला भर दुपारी फलाटावर उभं केलं आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली. "ते बघ, पुढचं इंजिन शिट्ट्या मारतंय, सगळे त्याच्याकडे माना वळवून बघतायत. आणि ढकलत आणलं कोणी? मागच्याने! तुझा डावा हात म्हणजे मागचं इंजिन. त्याने शिट्टी मारायची नाही." इथवर मला पटलं. खोटं कशाला बोलू, पुढे मुलींना शिकवताना मीही हेच सांगत आले. पण मग ते तरातरा फलाटाच्या टोकाला गेले आणि मागच्या इंजिनाच्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरला अडवून, तुमचा हात किती हलका आहे, असं मराठीत आणि मग हातवारे करून सांगायला लागले. त्याला वाटलं, कुणा प्रवाशाची तक्रार आहे. त्याने गार्डला बोलावलं. गार्डने अण्णांना बोलावलं. मालधक्क्यावर पुढे आठवडाभर अण्णांना सगळे "हलका हात" म्हणत होते.

वनवास संपून नायक दारात येतो, त्याच्या आधी बुवांनी एक विश्रांती लिहिली आहे. दोन्ही हात उचलायचे आणि काही वाजवायचं नाही. आतोबांच्या मते सबंध सोनाट्यात ही एकच जागा अवघड होती, बाकी काय, बोटांची हमाली. "पेटीवर बोट धरून ठेवलं की सूर जिवंत राहतो," ते म्हणायचे, "पियानोचा सूर सुटल्या क्षणापासून मरायला लागतो. त्याला पुरता मरू दे. मग ये."

"किती मोजू?"

"मोजायचं नाही."

"मग कळायचं कसं?"

"लोक खोकतात. त्यांचं खोकून झालं की कळतं."

"आणि कोणी खोकलंच नाही तर?"

"न खोकणारे लोक मी अजून पाहिले नाहीत," असं म्हणून ते व्हरांड्यात जाऊन बसायचे आणि माझा हात उचलला गेला की स्वतः खोकायचे. मग भिवा बागेतून खोकायचा. हा दोघांचा खोकला संपेपर्यंत मी हात वर करून बसायची. बंगल्यावरून जाणाऱ्या दूधवाल्याने एकदा खरोखरच विचारलं की इथे कोणाला डांग्या खोकला झालाय का.

पण सगळ्यात मोठा वाद झाला तो दोन ठिपक्यांवरून. त्या भागाचा पहिला तुकडा, म्हणजे नायक-नायिकेची ओळख, जिथे संपतो तिथे दोन ठिपके असतात. त्यांचा अर्थ, पुन्हा पहिल्यापासून इथवर वाजवा. पारशी बाई म्हणायच्या, वाजव नाहीतर नको वाजवू, तुझी मर्जी. शाळेने तर स्पष्ट कळवलं होतं, की पुनरावृत्ती करायची नाही, सरळ पुढे जायचं. आतोबांचं तिसरंच. त्या काळी संगीत नाटकाला गेलेल्या माणसाला हे सांगायला नको, की पद आवडलं की प्रेक्षक "वन्स मोअर!" म्हणून ओरडायचे, आणि ओरडले की पद पुन्हा म्हणावंच लागायचं. मरायला टेकलेला नायक उठून बसायचा, पद पुन्हा म्हणायचा, आणि पुन्हा मरायला आडवा व्हायचा. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. तेव्हा आतोबांचा निकाल असा, की "ते ठिपके म्हणजे हुकूम नाही, बुवांची आशा आहे. लोकांनी मागितलं तर पुन्हा वाजव. नाही मागितलं तर मुकाट पुढे जा. न मागता पुन्हा वाजवणं म्हणजे पाहुण्याच्या पानात न विचारता पोळी टाकणं."

"आणि मागितलं तर? शाळेने नको म्हटलंय!"

"शाळा कोण? मागणारे मोठे. मागितलं की तालाचा धागा न तोडता, एक क्षणही न घालवता, त्या भागाच्या सुरुवातीला जायचं. कलावंताने तिथे विचार करायचा नाही."

आणि मी विचार करू नये म्हणून त्यांनी माझी तालीम सुरू केली. मी वाजवत असले की व्हरांड्यातून, मागच्या दारातून, एकदा तर झाडावरून, मध्येच "वन्स मोअर!" अशी आरोळी यायची, आणि मी ज्या भागात असेन त्याच्या आरंभाला उडी मारून जायचं. जरा अडखळले की उलट तपासणी. भिवाला ह्यात भलतीच गोडी लागली. कर्दळीच्या वाफ्यातून त्याचा आवाज यायचा, "आबा, आता म्या म्हनू का?" आणि आबांनी होकार देण्याआधीच, "वन्स मोअर!" भाद्रपद संपेपर्यंत माझे हात त्या आरोळीला इतके सरावले, की मला न विचारता परस्पर मागे जाऊ लागले.

शेवटी तो दिवस आला. घरच्यांनी हॉलमध्ये मागे बसायला हरकत नव्हती, म्हणून आतोबा आले, आणि पुस्तकं धरायला माणूस पाहिजे या सबबीवर त्यांनी धुतलेला फेटा बांधलेल्या भिवालाही टांग्यात घेतलं. भिवाला त्यांनी काय पढवून ठेवलं होतं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. नाटक कंपनीत पहिली "वन्स मोअर"ची आरोळी पुष्कळदा कंपनीच्याच माणसाची असे. एकाने तोंड फोडलं की बाकीच्यांना धीर येतो. तेव्हा मी दोन ठिपक्यांपाशी आले की आतोबांनी खिशातून हातरुमाल काढायचा, आणि हातरुमाल दिसला की भिवाने उठून आरोळी द्यायची, असा बेत होता. मिशनच्या शाळेत! परीक्षेला! जिथे माणसं टाचसुद्धा वाजू देत नाहीत!

समोर दोघी बसल्या होत्या. एक शाळेच्या हेडबाई, आपल्याकडच्याच, स्वच्छ पुणेरी मराठी बोलणाऱ्या. दुसऱ्या संगीताच्या गोऱ्या बाई, मांडीवर सोनाट्याचं पुस्तक उघडून. माझ्या आधी नोकरीसाठी आलेल्या दोन मुलींनी वाजवलं, दोन्ही वेळा गोऱ्या बाई "थँक यू" म्हणाल्या, आणि दोन्ही वेळा हॉलमध्ये शुकशुकाट झाला. मी बसले. आणि काय सांगू तुम्हाला, माझं वाजवणं लागलं. नायक आला तो खणखणीत आला. नायिका ना बहीण होती, ना काकू. डावा हात मागून ढकलत होता आणि शिट्टी मारत नव्हता. ठिपके आले आणि गेले, मागून आवाज नाही. कारण आतोबा ऐकता ऐकता हातरुमाल काढायचाच विसरले होते. मी वनवासात शिरले, पट्ट्यांमागून पट्ट्या ओलांडल्या, विश्रांतीपाशी आले, आणि हात उचलले. सूर मरू दिला. कोणी खोकलं नाही. तशीच थांबले. आणि त्या शांततेत आतोबांच्या डोळ्यांना पाणी आलं.

पाणी आलं म्हणून त्यांनी हातरुमाल काढला.

भिवा ताडकन उभा राहिला आणि घाटाच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "वन्स मोअर!"

मी शपथेवर सांगते, माझ्या डोक्याने नाही म्हटलं. हातांनी ऐकलं नाही. ते परस्पर वनवासाच्या आरंभाला जाऊन वाजवायलाही लागले. दारापर्यंत आलेला नायक उंबरठ्यावरून परत जंगलात गेला. कुठल्या जर्मन बुवाने असं लिहिलेलं नाही, पृथ्वीवर कोणी असं वाजवलेलं नाही. गोऱ्या बाईंनी पान पुढे उलटलं, मागे उलटलं, मग पुस्तकच मिटलं. मी दुसऱ्यांदा विश्रांतीपाशी आले तेव्हा आतोबा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, हे मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. त्या विश्रांतीत मला तळेगाव दिसत होतं. मग मी नायकाला एकदाचा घरी आणला आणि संपवलं.

हेडबाईंनी विचारलं, "तुम्ही मध्येच मागे का गेलात?" मी म्हटलं, "मागितलं म्हणून." एवढं बोलून मला रडू फुटलं. त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे भिवा समाधानाने फेटा सारखा करत होता. दोघी बायका बराच वेळ इंग्रजीत कुजबुजल्या. मग हेडबाई म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी पुन्हा या. पण एकट्या या. घरचं कोणीही नको. आणि पुन्हा असं झालं तर आमचा नाइलाज होईल."

आम्ही टांग्यात बसलो. भिवा म्हणाला, "पोरी, पयल्यापरीस दुसऱ्यांदा लय झ्याक वाजिवलंस बग. व्हय की न्हाई, आबा?" आबांनी त्याला गप्प बसायची खूण केली. घरी आल्यावर मी पुस्तकं आपटली आणि तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, पण "तुमची कंपनी बुडाली, आता मला बुडवा" इथवर मजल गेली. आतोबा खाली मान घालून म्हणाले, "आमच्या शेवटच्या खेळाला कोणी एकही पद मागितलं नाही. सबंध नाटक सलग झालं. वेळेआधी संपलं. मी आत भाता मारतोय, आणि पद संपलं की बाहेर काही नाही. त्या दोन पोरी आज वाजवून उठल्या, त्यांना कोणी काही बोललं नाही. तुझंही तसंच होणार, हे मला बघवेना गं." मग म्हणाले, "शनिवारी मी येत नाही. फाटकापर्यंतसुद्धा नाही. वचन देतो." मी म्हटलं, "द्याच."

मधल्या आठवड्यात त्यांनी मला एकही सल्ला दिला नाही. जेवताना नाही, वेणी घालताना नाही. मी मुद्दाम त्यांच्या देखत बोटांनी पाटावर नायिकेची चाल चुकीची वाजवली, तरी ते कोशिंबिरीकडे बघत बसले. शनिवारी मी एकटी टांग्याने गेले. हॉल रिकामा, समोर दोघी. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं, कुठे अडले नाही. विश्रांतीला हात उचलले आणि थांबले. कोणी खोकलं नाही, कोणी ओरडलं नाही, मला वाटलं तेव्हा मी हात खाली आणले. संपल्यावर गोऱ्या बाई म्हणाल्या, "थँक यू." हेडबाईंनी खोली दाखवली, कामाचे वार सांगितले, आणि कार्तिकात रुजू व्हा म्हणाल्या. नोकरी मिळाली. पियानो जन्माचा माझा झाला. रस्त्याने येताना मी मोठ्याने हसत होते, टांगेवाला वळून वळून बघत होता.

घरी आले तर आतोबा ओट्यावर बसलेले. अंगात कंपनीतला काळा लांब कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डोक्याला पागोटं, पायात पॉलिश केलेले जोडे. कुठे जायचं नव्हतं त्यांना. आई दारातून म्हणाली, "सकाळपासून असेच बसलेत गं, चहासुद्धा घेतला नाही."

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"नोकरी मिळाली!"

"ते तू उतरलीस तेव्हाच कळलं. वाजवणं कसं झालं?"

आणि माझं हसणं कुठल्या कुठे गेलं. "मला काय माहीत!" मी जवळजवळ ओरडलेच. "थँक यू म्हणाल्या. सगळ्यांनाच म्हणतात. कसं झालं ते सांगायला होतं कोण तिथे?"

जरा सरकून त्यांनी ओट्यावर मला जागा करून दिली, आणि मी त्यांच्या शेजारी बसले. आतोबा पुढे फार वर्षं राहिले नाहीत. मी त्या शाळेत केस पिकेपर्यंत शिकवलं, तो सोनाटा कितीतरी मुलींकडून बसवून घेतला, पण त्या शनिवारी मी कसा वाजवला ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. ते सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो तेव्हा कोट घालून आमच्या ओट्यावर बसला होता.